जुळणे आणि जुळविणे : डीएनएच्या ‘स्वयंजुळणी’च्या परिभाषेविषयी

शास्त्रीय परिभाषेची समीक्षा करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रूढ नाही. परिभाषा कोशकारांनी तयार करावी, इतरांनी ती मुकाट्याने वापरावी, आणि तक्रार करावयाचीच झाली तर शब्द बोजड आहेत एवढीच करावी, असा एक समज आढळतो. वस्तुतः पारिभाषिक शब्द हे वस्तूचे केवळ नाव नसते. कोणती क्रिया कोणाकडे सोपवावयाची ह्याविषयीचा एक निर्णय त्यात अगोदरच होऊन गेलेला असतो, आणि तो शब्द वापरणारा त्या निर्णयावर नकळत सही करीत असतो. प्रस्तुत लेखात अशा एका शब्दाची तपासणी करावयाची आहे. रसायनशास्त्रातील ‘सेल्फ-असेम्ब्ली’ हा तो शब्द. मराठीत त्यास स्वयंजुळणी, स्वयंसंघटन, स्वयंरचना असे प्रतिशब्द सहज सुचतात, आणि तिन्हींत ‘स्वयं’ आहेच. डीएनएच्या कृत्रिम रचनांपुरता विचार केला तर हा ‘स्वयं’ मराठीत अनावश्यक आहे, आणि पुष्कळदा दिशाभूल करणारा आहे, असे मला वाटते.

विषय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित असल्याने त्याची थोडी ओळख करून देणे इष्ट. वॉटसन आणि क्रिक ह्यांनी १९५३ साली डीएनएची जी रचना मांडली तीत दोन धागे एकमेकांभोवती वळलेले असतात. प्रत्येक धाग्यावर चार प्रकारचे क्षारक ओळीने येतात : अ‍ॅडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन. अ‍ॅडेनीनसमोर थायमीन येतो व त्यांत दोन हायड्रोजन बंध असतात. ग्वानीनसमोर सायटोसीन येतो व त्यांत तीन. ह्या दुहेरी वळशाची जाडी सुमारे २ नॅनोमीटर. लगतच्या दोन जोड्यांतील अंतर ०·३४ नॅनोमीटर. आणि साधारणपणे साडेदहा जोड्यांत एक फेरा पुरा होतो. धाग्याच्या लांबीतील बंध बळकट असतात, दोन धाग्यांमधील बंध दुर्बल. पाणी तापविले की धागे विलग होतात, निवू दिले की पूरक धाग्यास पूरक धागा पुन्हा भेटतो. रेणूच्या आतील बळकट बंधांऐवजी रेणूरेणूंमधील अशा दुर्बल बंधांचा अभ्यास करणाऱ्या शाखेस झाँ-मारी लेन ह्यांनी ‘रेणूपलीकडील रसायन’ म्हटले, आणि त्या कार्याबद्दल त्यांना क्रॅम व पेडरसन ह्यांच्यासह १९८७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डीएनएचा बांधकामाच्या साहित्यासारखा उपयोग करण्याची कल्पना नेड सीमन ह्यांची. अमेरिकेतील ऑल्बनी येथील विद्यापीठात असताना १९८० साली त्यांना एशरच्या एका चित्रातील ओळीने पोहणारे मासे आठवले आणि प्रत्येक मासा म्हणजे सहा शाखांचा एक सांधा, अशी कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १९८२ साली त्यांचा सैद्धांतिक निबंध प्रसिद्ध झाला. अडचण अशी होती की, नेहमीचा डीएनए सरळ असतो, आणि सरळ काठीस काठी जोडली तर लांब काठी मिळते, जाळी मिळत नाही. जाळीसाठी फाटा फुटलेला डीएनए हवा. निसर्गात असे फाटे असतात. रॉबिन हॉलिडे ह्यांनी १९६४ साली त्यांची कल्पना मांडली होती. परंतु हे नैसर्गिक फाटे एका जागी ठरत नाहीत. दोन्ही बाजूंचे क्रम सारखेच असल्याने फाटा मागेपुढे सरकू शकतो. सीमन ह्यांची युक्ती ही की, चारही धाग्यांचे क्रम असे असमान ठेवावयाचे की सांधा सरकला तर जोड्या बिघडतील, म्हणून तो सरकणारच नाही.

येथे भाषेचा अभ्यासक चपापतो. ह्या योजनेचा पहिला नियम अनेकार्थता टाळणे हा आहे. क्रम निवडताना चारचार क्षारकांचे तुकडे पाहावयाचे. असे तुकडे २५६ संभवतात. शक्यतो एकही तुकडा दोनदा येऊ नये, आणि जेथे जोडी नको आहे तेथे त्याचा पूरक तुकडाही सापडू नये. मानवी भाषा ह्याच्या अगदी उलट वागते. ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे सारा, आणि ‘कर’ म्हणजे एखादे काम करण्याची आज्ञा; तरीही कोणी गोंधळत नाही, कारण संदर्भ आहे, आणि तो समजणारा श्रोता आहे. परीक्षानळीत श्रोता नसतो. सीमन ह्यांनी संदर्भावर सोडावे असे काहीही मागे ठेवले नाही, ह्यातच त्यांचे खरे कर्तृत्व आहे, आणि ‘स्वयं’ हा शब्द नेमके तेच झाकतो.

आता मूळ शब्दाकडे वळू. इंग्रजीतील ‘असेम्बल’ हे क्रियापद सकर्मकही आहे आणि अकर्मकही. माणसे जमतात तेथेही तेच, कारागीर यंत्राचे भाग जोडतो तेथेही तेच. रसायनाच्या प्रयोगशाळेत जोडणारा हात सामान्यतः रसायनज्ञाचा असतो. म्हणून हात नसताना जोड झाली हे सांगण्यासाठी त्या भाषेला ‘सेल्फ’ची टेकणी लागते. मराठीस ती लागत नाही. शिजणे–शिजविणे, वळणे–वळविणे, घडणे–घडविणे, जुळणे–जुळविणे ही भेदव्यवस्था आपल्या धातूंतच आहे. ‘धागे जुळतात’ म्हटले की कोणी जुळवीत नाही हे सांगून झाले. त्यावर ‘स्वयं’ चढविणे म्हणजे ‘भात स्वतः शिजतो’ म्हणण्यासारखे आहे. आणि ‘भात स्वतः शिजतो’ हे वाक्य केवळ पुनरुक्त नाही. ते ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका उत्पन्न करते की ह्या भातात काही विशेष असावे.

भाताचे उदाहरण मी सहज घेतलेले नाही. संस्कृत वैयाकरणांनी कर्मकर्तरी प्रयोगाचा विचार करताना हेच उदाहरण घेतले आहे. देवदत्त भात शिजवितो. तोच भात पुढे ‘भात शिजतो’ ह्या वाक्यात कर्त्याच्या जागी येतो. पाणिनीने अशा कर्त्यास कर्माप्रमाणे वागविण्याची तरतूद केली. हे का घडते ह्याचे भट्टोजी दीक्षितांनी दिलेले कारण प्रस्तुत विषयात फार उपयोगी आहे. क्रिया अतिशय सुकर आहे हे सुचवावयाचे असते तेव्हा बोलणारा कर्त्याचा व्यापार सांगू इच्छित नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. लक्षात घ्यावयाचे ते असे की, कर्त्याचा व्यापार नाहीसा झालेला नाही. देवदत्त चुलीपाशीच आहे. फक्त त्याच्याविषयी बोलण्याची विवक्षा नाही.

डीएनएच्या रचनांना ‘सेल्फ-असेम्ब्ली’ म्हणणे हा तंतोतंत असा कर्मकर्तरी प्रयोग आहे. पॉल रॉथेमुंड ह्यांचा २००६ सालचा निबंध घ्या. एम-१३ ह्या विषाणूपासून काढलेला ७२४९ क्षारकांचा एक लांब, एकेरी धागा त्यांनी घेतला. हव्या त्या आकृतीत तो कसा फिरवावयाचा हे संगणकाच्या साहाय्याने ठरविले. त्यानुसार दोनशेहून अधिक आखूड धागे कृत्रिम रीतीने तयार करविले. मग सर्व एकत्र करून, मॅग्नेशियमयुक्त द्रावात सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवून दोन तासांहून कमी वेळात निवविले. सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीचे हसरे चेहरे, तारे, त्रिकोण हाती आले. शेवटचा टप्पा विस्मयकारक सुकर आहे ह्यात शंका नाही, आणि सौकर्य सुचविण्यापुरता ‘सेल्फ’ क्षम्य आहे. परंतु त्या दोन तासांमागे क्रमांची जी योजना आहे तिचा कर्ता धागा नव्हे, हे आमच्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेतून निघून जाते. ‘डीएनए स्वतःच आपली रचना ठरवितो’ असे वाक्य तो लिहितो, आणि शब्द तसाच असल्याने त्यास दोषही देता येत नाही.

ह्यावर आक्षेप येईल की, निसर्गात खरोखरच असे घडते जेथे योजना करणारा कोणी नाही. तेथे काय म्हणावे? आक्षेप रास्त आहे. फ्रेंकेल-कॉनरॅट आणि विल्यम्स ह्यांनी १९५५ साली तंबाखूवरील विषाणूचे प्रथिन आणि न्यूक्लिइक अम्ल वेगवेगळे करून पुन्हा एकत्र आणले, तेव्हा त्यांतून संसर्गक्षम विषाणू परत मिळाला. आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी ह्यास पुनर्घटन म्हटले. १९६२ साली कॅस्पर आणि क्लुग ह्यांनी विषाणूंच्या कवचांविषयी लिहिताना ‘सेल्फ-असेम्ब्ली’ हा शब्द वापरला व ती प्रक्रिया स्फटिकीभवनाच्या जातीची मानली. विषाणूच्या बाबतीत कर्त्याची विवक्षा नाही असे नव्हे. क्रमाची योजना करणारा कर्ताच नाही. रॉथेमुंड ह्यांच्या बाबतीत कर्ता आहे, विवक्षा नाही. एक शब्द ह्या दोन भिन्न परिस्थितींवर सरसकट बसविला गेल्यामुळे पहिलीचे गूढ दुसरीस उसने मिळाले.

लेन ह्यांच्या दोन निबंधांच्या शीर्षकांत ह्या शब्दाची हालचाल दिसते. १९८७ च्या निबंधात तांब्याच्या आयनांभोवती सेंद्रिय धागे वळून दुहेरी वळसा कसा होतो ते दाखविले आहे, आणि तेथे शब्द आहे ‘स्पॉन्टेनियस’, म्हणजे उत्स्फूर्त. १९९० साली त्याच वळशांवर डीएनएतील घटक टांगून पुढचा निबंध लिहिला गेला. त्याच्या शीर्षकात ‘सेल्फ’ आला. दोन शीर्षकांवरून इतिहास लिहू नये हे मान्य. तरीही दोन्ही शब्दांत अंतर आहे. ‘उत्स्फूर्त’ हा ऊर्जाशास्त्राचा शब्द आहे. बाहेरून रेटा न देता प्रक्रिया उताराकडे जाते एवढेच तो सांगतो. ‘स्व’ म्हटले की आत कोणीतरी आहे असे वाटू लागते. लेन ह्यांच्या लेखनात पुढे ओळख, माहिती, कार्यक्रम ही शब्दावळी प्रस्थापित झाली, आणि ती सर्व जाणणाऱ्याची आहे.

ह्या शब्दावळीपैकी भाषेशी निगडित असलेला भाग वेगळा तपासला पाहिजे, कारण तेथे आपल्या शास्त्राच्या नावाने दावा केला जातो, आणि आपल्यापैकी काहीजण त्याने सुखावतातही. डीएनएच्या रचनांस व्याकरण आहे काय ? एका अर्थी आहे, आणि तो अर्थ अलंकारिक नाही. चॉम्स्की ह्यांनी १९५६ साली औपचारिक व्याकरणांची जी श्रेणी मांडली, तीच एरिक विनफ्री ह्यांनी शिऑपिंग यांग आणि सीमन ह्यांच्यासह १९९० नंतरच्या दशकात डीएनएस लावून पाहिली. चिकट टोकांचे तुकडे केवळ ओळीने जोडले तर नियमित व्याकरणाची शक्ती मिळते. फांद्या असलेले तुकडे घेतले तर संदर्भमुक्त व्याकरणाची. आणि तुकडे फरश्यांप्रमाणे सपाटीवर दोन दिशांनी बसू दिले तर ट्यूरिंगच्या यंत्राएवढी. शेवटच्या सिद्धतेचा आधार हाओ वांग ह्यांच्या १९६१ सालच्या रंगीत कडांच्या फरश्या हा आहे. येथे ‘व्याकरण’ हा शब्द उसनवारीचा नाही. व्याख्येप्रमाणे वापरलेला आहे, आणि तो टिकतो.

प्रत्यक्षातही ह्याचा पडताळा मिळाला. १९९८ साली केवळ दोन प्रकारच्या फरश्यांपासून पट्टेदार जाळी तयार झाली. २००४ साली रॉथेमुंड, पापाडाकिस आणि विनफ्री ह्यांनी सिअरपिन्स्कीच्या त्रिकोणाची आकृती फरश्यांकरवी उमटविली. प्रत्येक फरशी मागील दोन फरश्यांवरील खुणा सारख्या की भिन्न एवढेच पाहून बसते, आणि त्यातून एकात एक त्रिकोणांची आकृती वाढत जाते. (छंदःशास्त्रातील मेरुप्रस्तारात केवळ विषम संख्या रंगविल्या तर हीच आकृती मिळते. हलायुधाच्या वाचकांस ती अनोळखी वाटू नये.) चुकांचे प्रमाण १ ते १० टक्के होते. चूक कशी वागते हेही पाहण्याजोगे आहे. चुकीची फरशी बसली की पुढील फरश्या तिलाच प्रमाण मानून शिस्तीने बसतात. व्याकरण निर्दोष राहते, आकृती बिघडते. भाषेत ऐकणारा सावरून घेतो. येथे सावरणारे काही असेल तर ते तापमान, कारण उष्णता पुरेशी असेल तर सैल बसलेली फरशी पुन्हा सुटते.

दुसऱ्या टोकास २०१२ साली के, ओंग, शी आणि यिन ह्यांनी सादर केलेल्या डीएनएच्या विटा आहेत. प्रत्येक वीट ३२ क्षारकांची, चार भागांची. अशा विटांनी १० × १० × १० घटकांचा एक ठोकळा भरतो, आणि नको तेवढ्या विटा वगळून त्यांनी १०२ निरनिराळे आकार केले. कौशल्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु ह्या पद्धतीस भाषेची उपमा देऊ लागलो की ती कोसळते. त्या ठोकळ्यात प्रत्येक विटेची जागा एकच आणि ठरलेली आहे. ज्या कोशातील प्रत्येक शब्द एकाच वाक्यात, एकाच स्थानी येऊ शकतो, त्या कोशास भाषा म्हणता येईल काय ? थोड्या घटकांची अमर्याद पुनर्योजना हा भाषेचा प्राण; तो विनफ्री ह्यांच्या फरश्यांत आहे, विटांत नाही. उपयोगाच्या दृष्टीने मात्र विटा सरस ठरल्या. विटांची किंमत कमी करावी म्हणून मी हे म्हणत नाही. त्यांना भाषेची प्रतिष्ठा देण्याची गरजच नाही, एवढेच म्हणणे आहे.

फरश्यांस व्याकरण आहे म्हणजे त्यांस भाषा आहे काय, हा पुढचा प्रश्न. आपल्या परंपरेत शब्दांच्या समूहास वाक्यत्व येण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ह्या तीन अटी सांगितल्या आहेत. डीएनएच्या चिकट टोकास त्या लावून पाहिल्या तर प्रथम थक्क व्हावयास होते. एकेरी राहिलेले टोक जोडीविना अपुरे आहे, ही आकांक्षा. समोरचे टोक पूरक आहे, ही योग्यता. दोन्ही एकाच द्रावात पुरेशा दाटीने आहेत, हा संनिधी. परंतु साम्य येथेच संपते. योग्यता ही अर्थाची असते. विस्तवाने झाड शिंपल्याचे वाक्य रूपाने निर्दोष असूनही अर्थाने अयोग्य ठरते. डीएनएत रूपाची पूरकता हीच सारी योग्यता. तिच्यामागे अर्थ असा काही नाही. आणि आकांक्षा खरे पाहता शब्दास नसते, ती ऐकणाऱ्याच्या जिज्ञासेत असते. जनुकांच्या लिपीविषयी याकोबसन ह्यांच्यासारख्या भाषापंडितास जे आकर्षण वाटले त्यास निदान आधार होता, कारण तेथे तीन क्षारकांचा गट अमिनो अम्लाकडे निर्देश करतो. प्रस्तुत रचनांत निर्देश नाहीच. रॉथेमुंड ह्यांनी घेतलेल्या एम-१३ च्या धाग्यात विषाणूची जनुके आहेत. पण हसऱ्या चेहऱ्यास त्यांचे काही देणेघेणे नाही. जुन्या पोथीची पाने बांधणीच्या पुठ्ठ्यात चिकटवावीत, तसा तो लेख येथे निव्वळ धागा म्हणून वापरला आहे. माहिती साठविण्याचे माध्यम म्हणून डीएनएची थोरवी गाणारे ज्या निबंधाचा दाखला देतात, त्याच निबंधात डीएनएतील माहिती पूर्णपणे बाजूस सारलेली असावी, ही गोष्ट मौजेची आहे.

‘ओरिगामी’ ह्या नावाविषयी थोडक्यात. कागदाच्या त्या जपानी कलेत एकच कागद, कातर नाही, डिंक नाही, हा संकेत. रॉथेमुंड ह्यांच्या पद्धतीत लांब धागा एक असला तरी त्यास दोनशेहून अधिक आखूड धाग्यांनी ठिकठिकाणी बांधले आहे. त्या आखूड धाग्यांस त्यांनीच ‘स्टेपल’ म्हटले आहे. म्हणजे नावात घडी आणि वर्णनात टाचणी. मराठीत ह्यास ‘टाका’ हा शब्द नेमका बसतो. दूरचे दोन भाग ओढून एकत्र धरणे हेच टाक्याचे काम. घडी घालण्यापेक्षा हे काम गोधडी शिवण्याच्या अधिक जवळचे आहे. जगभर रूढ झालेले नाव आता बदलणार नाही. ‘डीएनए ओरिगामी’ असेच लिहावे लागेल. वर्णनात मात्र ‘घडी’ऐवजी ‘टाके’ लिहिण्यास कोणाची हरकत नसावी.

मुख्य शब्दापुरती माझी सूचना अशी आहे. क्रमाची योजना सांगताना ‘जुळविणे’ वापरावे : ‘धाग्यांचे क्रम असे जुळविले की…’. द्रावातील टप्पा सांगताना ‘जुळणे’ वापरावे : ‘निवताना धागे जुळतात’. दोन वाक्ये, दोन क्रियापदे. देवदत्तही दिसतो आणि भातही शिजतो. विषाणूसारख्या नैसर्गिक उदाहरणात, जेथे योजनेचा कर्ता नाही हेच सांगावयाचे आहे, तेथे ‘आपोआप जुळतात’ म्हणावे. ‘आपोआप’मध्ये कोणी ‘स्व’ लपलेला नाही. क्रियापदांची ही व्यवस्था भक्कम आहे.

नामाची तेवढी नाही, हे येथे नोंदविले पाहिजे. ‘जुळणी’ हे नाम ‘जुळणे’वरून आले असे धरून त्यास अकर्तृक मानण्याचा मोह होतो, पण मराठी ग्रंथाच्या आरंभीच्या पानावर ‘अक्षरजुळणी’ असे छापून पुढे नाव दिलेले असते, आणि खिळे आपोआप ओळीत येऊन बसल्याचा अनुभव कोणाही जुळाऱ्यास नसावा. म्हणजे ‘जुळणी’ दोन्हीकडे चालते, आणि ज्या संदिग्धतेसाठी इंग्रजी क्रियापदास दोष दिला तीच आपल्या नामात आहे. ‘जुळवणी’ हे नाम योजनेसाठी राखून ‘जुळणी’ द्रावातील टप्प्यासाठी ठेवावे, असा एक मार्ग दिसतो. तो छापखान्याच्या रूढीविरुद्ध जाईल. दुसरा मार्ग असा की, नाम टाळून जेथे शक्य तेथे क्रियापदानेच बोलावे. निबंधाच्या शीर्षकात आणि कोशाच्या नोंदीत तो चालणार नाही. तेथे नाम लागतेच.